दहा साड्या खोल

आमच्या बोअरची खोली दहा साड्या आहे.

हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघून जास्त हसतात, कारण मी लेडीज टेलर. काष्टीच्या पेठेत अर्धं आयुष्य मी बायकांची मापं घेतली. दुकानावर पाटी होती, ‘मापात कसूर नाही.’ (पाटी अजून आहे. दुकान आता मुलगा चालवतो. त्या पाटीकडे बघून तो अलीकडे गालातल्या गालात का हसतो, ते पुढे कळेलच.)

डोळे थकले तसं मी मशिनवरून उठलो आणि आम्ही नवरा-बायको गावाबाहेरच्या माळावर राहायला गेलो. माळ घेताना त्यावर एक बोअर आणि बोअरमध्ये एक पंप आयता मिळाला होता. वीज मात्र मिळाली नव्हती. विजेचे खांब माळाच्या पायथ्याशी येऊन थांबले, ते थांबलेच. मग आम्ही सोलरची पॅनेलं बसवली. सूर्य उगवला की पंप चालू, मावळला की बंद. बिल नाही, लोडशेडिंग नाही, कुणाचे पाय धरणं नाही. मी तर गावात जाऊन ऐटीत सांगायचो, ‘आमचं कनेक्शन डायरेक्ट वरून आहे!’

पण माळावर जायची खरी हौस माझी नव्हती, सुमनची. सुमन म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून ती दुकानामागच्या दोन खोल्यांत हुक-बटणं लावत बसली होती आणि तिच्या खिडकीतून दिसायची ती समोरच्या किराणा दुकानाची मागची भिंत. तिला झाडं हवी होती. माळावर गेल्या गेल्या तिने लिंबं लावली. प्रत्येक खड्डा स्वतः उभी राहून घेतला, प्रत्येक रोपाला स्वतः काठी बांधली. यंदा त्यांना पहिल्यांदा फुलं आली होती आणि फुलांच्या जागी वाटाण्याएवढी हिरवी लिंबं धरली होती. सुमन रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडाझाडापाशी उभी राहायची. एवढी तर ती मुलाच्या बारशालाही खूश नव्हती.

आणि ऐन उन्हाळ्यात, लिंबू वाटाण्याचं बोराएवढं व्हायच्या बेतात असताना पंप बसला.

पंप बसवणारा पोपट नावाचा फिटर आला. त्याने पाईप ओढून पंप वर काढला, नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं.

“मास्तर, जळला ह्यो. पानी खाली गेलं, ह्यो वरच्यावर कोरडाच फिरला. आता नवा घ्या.”

“कुठला घेऊ?”

“आधी खोली मोजा. किती खालनं पानी उचलायचं त्याच्यावर पंप ठरतो. मला लग्नाला जायचंय मेव्हन्याच्या. चार रोजानं दोर घेऊन येतो, मंग मोजू.”

“चार रोज? झाडं मरतील माझी!” सुमन म्हणाली.

इथे मी छाती पुढे काढली. “पोपट, तू लग्नाला जा. मोजमाप माझ्यावर सोड. मी टेलर आहे!”

(हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केला, घरच्यांनी विसरू दिलं नाही.)

आता मोजायचं तर दोर हवा. घरातल्या सगळ्या दोराची मामांनी दावी वळून टाकली होती. मामा म्हणजे माझे सासरे. काष्टीच्या बैलबाजारात त्यांनी आयुष्यभर दलाली केली आणि हल्ली ते आमच्याकडेच असतात. आमच्याकडे एकही जनावर नाही, पण मामा दावी वळतात. ‘दाव्याबिगर घर म्हंजी काय घर हाय का?’ असं त्यांचं म्हणणं. मग सुमननेच तोडगा काढला. गोधडी शिवायला म्हणून तिने जुन्या साड्यांची एक ट्रंक भरून ठेवली होती. साड्यांना साड्या गाठी मारून बांधायच्या, टोकाला वजन लावायचं आणि सोडायचं बोअरमध्ये.

“वजन काय लावायचं?” मी विचारलं.

सुमन आत गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. तिच्या आईने दिलेला होता तो. “जपून हां. आईची एवढी एकच वस्तू हाय माझ्याकडं,” असं म्हणून तिने तो माझ्या हातात दिला.

कुठली साडी आधी जाणार, यावर मात्र तिने कुणाचं ऐकलं नाही. सगळ्यात पहिली, वरवंट्याला बांधून, खालच्या चिखलात जाणारी साडी तिने ट्रंकेच्या तळातून शोधून काढली.

“ही तुमच्या बहिनीनं दिवाळीला दिलेली. धुतल्यावर मच्छरदानी झाली तिची. जाऊ द्या खाली.”

साडी खरंच तशी होती.

मी साडी सोडत होतो आणि मामा उकिडवे बसून मोजत होते. पहिल्या साडीला ते धान्य मापताना म्हणतात तसं ‘लाभ’ म्हणाले, मग ‘दोन’, मग ‘तीन’. दर साडीला सुमन तिची कुळकथा सांगे. ही भाचीच्या लग्नातली, ही आईची, हिच्यावर तुम्ही चहा सांडला होता. एवढ्यात माळाखालून टेम्पोचा हॉर्न वाजला. शेजारच्या मळ्यातून पाण्याचे ड्रम यायचे होते झाडांसाठी. सुमन हातातली साडी टाकून धावली.

दहावी साडी संपता संपता हाताला ढील लागली. तळ!

“धा!” मामा ओरडले.

आम्ही साड्या वर ओढायला लागलो. खालच्या दीड साडीला ओल होती, म्हणजे पाणी होतं. मी आनंदाने ओढत होतो. शेवटची, बहिणीची साडी आली आणि तिच्या टोकाला काहीच नव्हतं. जिथे गाठ होती तिथे नुसत्या चिंध्या. वरवंटा बोअरच्या तळाशी राहिला होता.

सुमन परत आली तेव्हा मामा आभाळाकडे बघत होते आणि मी मामांकडे.

“वरवंटा?”

“खाली आहे,” मी म्हणालो. “पण सुखरूप आहे.”

त्यानंतर सुमन माझ्याशी बोलली नाही. ती बोलली असती तर हा लेख इथेच संपला असता, कारण तिने विचारलं असतं, की किती खोली निघाली आणि कशी काढली. पण ती चुलीपुढे पाठ करून बसली, आणि मी ओट्यावर बसून हिशेब केला. दहा साड्या, नऊ वार एक. नव्वद वार. वाराचे तीन फूट. दोनशे सत्तर फूट! मला माझाच अभिमान वाटला. पोपट असता तर चार दिवस लागले असते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी आणि मामा पंप आणायला निघालो. सुमनने जाताना एवढंच विचारलं, “मी येऊ का?” (वरवंट्यानंतरचं हे पहिलं वाक्य!)

“पंपाच्या दुकानात तुझं काय काम?” मी म्हणालो. “उगीच उन्हाची कशाला येतेस?”

तिने पदर खोचला आणि ती ड्रममधल्या पाण्याचा तांब्या घेऊन झाडांकडे गेली. एका झाडाला एक तांब्या, याच्यावर चाललं होतं तिचं.

पंपाच्या दुकानात शेठ म्हणून एक तरुण मुलगा बसला होता. केस कापलेले झकास, गळ्यात इअरफोन. त्याने विचारलं, “किती फुटावरनं पाणी उचलायचं?”

“दोनशे सत्तर,” मी एका दमात सांगितलं. “स्वतः मोजलंय. मी टेलर आहे.”

“मग तुम्हाला पाच एचपी लागंल. पॅनेलं किती हायत?”

पॅनेलं जुन्या पंपापुरती होती. पण मी म्हणालो, “पॅनेलांचं काय एवढं? नगर जिल्ह्यात उन्हाला तोटा आहे का?”

तो काहीतरी बोलणार होता, पण तोवर मामा पंपापाशी पोचले होते. मामांनी आयुष्यात बैलाशिवाय काही विकत घेतलं नव्हतं. त्यांनी पंपाभोवती एक फेरी मारली. थाप मारली. वाकून दोन्ही टोकं बघितली. तोंड कुठलं ते कळेना म्हणून त्यांनी जाळीत बोट घातलं आणि दात बघितल्यासारखं आत निरखलं.

“कुठल्या खिलारातला?”

“कोईमतूरचा माल आहे, बाबा.”

“लांबचा हाय. इकडचं पानी मानवंल का?”

शेठने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मामा मात्र खूश होते. लहान पंपाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. “जावईबापू, ह्योच घ्या. देखना हाय. अंगानं भरलाय. गावात नेला तर चार मान्सं थांबून बघतील.”

मग मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, शेठचा उजवा हात धरला आणि उपरण्याखाली ओढला. बैलाचा सौदा काष्टीत असाच होतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचं. शेठच्या चेहऱ्यावर भीती दाटली. त्याने दुसऱ्या हाताने क्यूआर कोडचा स्टँड पुढे सरकवला.

“बाबा, रेट फिक्स असतो हो!”

“गप. बोटं मोज.”

“अहो, कळंना मला!”

“तुझ्या आज्याला कळायचं,” मामा म्हणाले. “बरं, ऱ्हाऊ दे भाव. पन जुपून बघनार. औताला न्हाई चालला तर पुढल्या बाजारी परत. दे हात.”

शेठचा हात उपरण्याखाली अडकलेला, बाहेर बैलवाल्यांची गर्दी जमलेली. सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला, “व्हय बाबा, व्हय! परत तर परत.” मामांनी त्याचा हात दाबला, सोडला आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठची माफी मागून, भाव होता तो चुकता करून, दोनशे सत्तर फूट पाईप आणि देखणा पंप घेऊन आम्ही टेम्पोत बसलो.

तीन दिवसांनी लग्नाहून परत आलेला पोपट आणि शेजारच्या मळ्यातले नाना असे सगळे पंप बघायला जमले. मामांचं भाकीत खरं ठरलं, लोक थांबून बघत होते. सुमनने राग बाजूला ठेवून पंपाला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. ओवाळताना ती पुटपुटली, “लवकर पानी दे रे बाबा, लेकरं ताहानलीत माझी.” लेकरं म्हणजे लिंबं.

पोपट पंप सोडू लागला. पाईप सरसर आत जात होता. आणि मग तो थांबला.

“मास्तर, टेकला.”

“टेकेल कसा? सोड अजून.”

“अवो, तळ लागला! पाईप उरलाय.”

मी बघितलं. जमिनीवर पाईपचं भलंमोठं वेटोळं पडलं होतं. माणूस आत बसून जेवेल एवढं.

“बोअर आखडला का काय?” मामा म्हणाले.

ब्लाऊज घट्ट झाल्याची तक्रार घेऊन बाई आली की मी नेहमी म्हणायचो, ‘कापड आटलं.’ तेच वाक्य तोंडावर आलं होतं. पण समोर पोपट होता, कस्टमर नव्हता. मी म्हणालो, “पाईप लांब दिला असेल दुकानदाराने.” पोपटने पंप गाळातून थोडा वर घेतला, बांधला आणि बटण दाबलं.

खालून ‘हूं’ असा आवाज आला आणि बंद झाला. परत ‘हूं’. परत बंद.

“ऊन उतरलंय. एवढ्या मोठ्या पंपाला ह्या पॅनेलांवर ह्या वक्ताला ताकद पुरत न्हाई. उद्या दुपारी बघू,” पोपट म्हणाला.

नारळाचा प्रसाद खाऊन लोक पांगले. जाताना नाना म्हणाले, “मास्तर, पंप झ्याक हाय. फकस्त झोपाळू दिसतोय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, सूर्य डोक्यावर आला तसे सगळे परत जमले. आदल्या दिवशी न आलेलेही आले. (चांगली बातमी गावात चालत जाते, अशी बातमी मोटारसायकलवर.) पोपटने बटण दाबलं. पंपाने ‘हूं’ केलं आणि या वेळी तो गप्प बसला नाही.

पाण्याचा असा लोट आला की पाईप हातातून सुटला! तो जमिनीवर सापासारखा वळवळला आणि उभा राहिला. पहिल्या फटक्यात मामांचा फेटा उडाला. दुसऱ्या फटक्यात नानांचा चहा गेला. ज्यांनी मोबाईल वर धरून शूटिंग चालवलं होतं त्यांचे मोबाईल गेले. पाणी कसलं, गाळच तो, तांबडा आणि घट्ट. मी पाईप धरायला धावलो आणि तो माझ्या तोंडातच आला.

“आला! आला!” मी ओरडत होतो. मला तो क्षण अजून आठवतो. तोंडात चिखल होता, पण मी सुखी होतो.

मग घरघर झाली. धार लहान झाली, पिचकारीएवढी झाली, थेंबाएवढी झाली आणि बंद. पेटीवर लाल दिवा लागला. लिंबाच्या पहिल्या ओळीपर्यंतही पाणी पोचलं नव्हतं.

पोपटने तोंड पुसलं. “मास्तर, बोअर प्याला ह्यो सगळा. दोन घोटात. झरा आपला बारीक हाय, भरायला टाईम लागतो. अन् ह्यो दुपारशिवाय उठत न्हाई, उठला का सगळं ढोसून परत झोपतो. असला पंप चालायचा न्हाई हितं.”

लोक हसत हसत गेले. मी विहिरीत उडी मारली असती, पण विहीर नव्हती, आणि बोअरमध्ये मी मावलो नसतो. तोंड धुवायलाही पाणी नव्हतं.

मी तसाच, चिखलाने माखलेला, सुमनला शोधत गेलो. ती शेवटच्या ओळीत, एका झाडाखाली बसली होती. तिने ओंजळ माझ्यापुढे केली. ओंजळीत बारकी लिंबं होती, देठापासून सुटलेली, सुरकुतलेली.

“आज एवढी गळाली,” ती म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. तिने आयुष्यात माझ्याकडे दागिना मागितला नाही, गाडी मागितली नाही. झाडं मागितली होती, आणि ती माझ्या शहाणपणाने वाळत होती.

“सुमे,” मी म्हणालो, “माझं कुठंतरी चुकलं. पण कुठं तेच कळत नाही.”

तिने माझ्या अंगावरचा चिखल बघितला आणि पदराने माझं तोंड पुसलं. मग विचारलं, “दुकानात किती सांगितलं तुमी?”

“दोनशे सत्तर.”

“ते कसं काय काढलं?”

“दहा साड्या. नऊ वार एक.”

सुमन माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती लिंबाच्या खोडाला धरून हसत होती.

“अवो, नऊवारी कुठल्या समद्या? आईच्या चारच नऊवारी! बाकीच्या माझ्या, सहावारी. मी कधी नऊवारी नेसले का?”

मी हातावरचा चिखल खरवडू लागलो.

“अन् त्या सहावारी तरी कुठं राहिल्या पुऱ्या? त्यातलं ब्लाऊजपीस कापून घेतलेलं हाय. कुनी कापलं?”

मी आणखी जोरात खरवडू लागलो.

“अन् गाठी! दर गाठीला हातभर कापड जातंच की. कस्टमरला शिकवता ना तुमी, शिलाईत कापड जातं म्हनून?”

तिथल्या तिथे, मातीत काडीने, तिने सगळं मांडलं. कुठली साडी कुणाची, कुठल्या साडीचं ब्लाऊजपीस निघालं, कुठलीचा पदर फाटला म्हणून मी आखूड करून दिली होती. प्रत्येक साडी तिला पाठ होती. माझ्या दोनशे सत्तर फुटांतला जवळजवळ तिसरा हिस्सा नव्हताच, आणि त्यातला काही तर माझ्याच कात्रीने खाल्ला होता. आयुष्यभर कापडाचा धंदा केला आणि कापडाच्याच मापात आपटलो! जुन्या पंपाएवढाच पंप जरासा खाली सोडला असता तरी भागलं असतं.

पुढच्या बाजारी आम्ही पंप टेम्पोत टाकून निघालो. या वेळी सुमन पुढे बसली, ड्रायव्हरशेजारी. मी मागे, पंपाला धरून.

शेठने पंप बघितला आणि दोन्ही हात वर केले. “न्हाई हो! मोटार पाण्यात गेली का परत न्हाई घेत आमी. अन् ह्याला तर हळद लागलीय! हळद लागलेला नवरा कुनी परत घेतं का?”

मला त्याचं पटलं. मी मागे वळलोदेखील. पण मामा वळले नाहीत.

“पोरा, तू हात दिलता का न्हाई?”

“बाबा, ते… ती गंमत व्हती.”

“गंमत?” मामांचा आवाज चढला. “काष्टीच्या बाजारात उपरन्याखाली हात देऊन गंमत?”

बाजाराचा दिवस. रस्त्याने बैलवाले चाललेले. मामांचा आवाज ऐकून एक थांबला, मग दुसरा. “काय झालं, तात्या?” (बाजारात मामांना तात्या म्हणतात.) “पोरगं हात देऊन फिरतंय.” “कुनाचं पोरगं?” “आरं, ह्याचा आजा बरा मानूस व्हता की!” दुकानापुढे अशी गर्दी झाली की दारातून उजेड यायचा बंद झाला. त्यातले अर्धे लोक शेठचेच गिऱ्हाईक होते. सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणी दमदाटी केली नाही, नुसते बघत होते.

शेठने कपाळावरचा घाम पुसला. “बरं, बदलून देतो. पन बाबा, परत हात मागू नका.”

ज्या उपरण्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, त्यानेच आम्हाला तारलं. मी मामांच्या पाया पडावं म्हणून वाकलो, तर ते म्हणाले, “वाकला तसं ते पाईपाचं भेंडोळं बी उचला.”

शेठने नवी पावती पुढे घेतली. “किती फुटावरनं उचलायचं?”

मी तोंड उघडलं. सुमनने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

तिने खोली सांगितली, पाणी किती दिसतं ते सांगितलं, झरा बारीक असल्याचं सांगितलं, पॅनेलं किती तेही सांगितलं.

“ताई, मोजलं कशानं?”

“साड्यांनी.”

शेठने मान हलवली आणि काढून दिला तो बारका पंप, ज्याच्याकडे मामांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मामांनी आताही बघितलं नाही. परतीच्या वाटेभर ते कुरकुरत होते, “वासरू हाय ह्ये. औताला जुपायचं का कडंवर घ्यायचं?”

त्या वासराने सकाळी कोवळ्या उन्हातच पाणी काढलं. लोट नव्हता, गडगडाट नव्हता. करंगळीएवढी धार, पण स्वच्छ, आणि ती थांबेना. दुपारी चालू, चार वाजता चालू, उन्हं कलली तरी चालू. बोअरला झरायला वेळ मिळत होता आणि पंपाला घाई नव्हती. सुमन पाईप हातात धरून एकेका झाडाच्या आळ्यात पाणी सोडत होती, आणि प्रत्येक झाडाशी काहीतरी बोलत होती. मला भरून आलं. मी तोंड फिरवलं, तर पलीकडे मामाही उपरण्याने डोळे पुसत होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, “धूळ लई हाय ह्या माळावर.”

गळायची ती लिंबं गळली, पण झाडांनी जीव धरला आणि उरलेली लिंबं धरून ठेवली. पहिल्या तोडीचं लोणचं सुमनने घातलं तेव्हा मसाला मिक्सरमध्ये वाटावा लागला, कारण वरवंटा अजून खालीच आहे. सुमन म्हणते, आईची वस्तू आहे, आई झाडांना पाणी देतेय असं समजायचं. दहा साड्यांची तिने गोधडी शिवली. बहिणीची साडी मधोमध, अस्तराला.

त्यानंतर एका सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. शेजारच्या मळ्यातले नाना आले. त्यांचाही पंप बसला होता.

“मास्तर, वैनी हायत का घरात? बोअरचं माप घ्यायचं व्हतं.”

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या धंद्यावर पोट भरलं त्याचा थोडा तरी मान राहावा म्हणून ताठ बसलो आणि म्हणालो, “नाना, माप घ्यायला वहिनी कशाला? मी आहे ना. मी टेलर आहे!”

“व्हय व्हय, म्हायती हाय की,” नाना म्हणाले, आणि ओट्यावर माझ्या शेजारी निवांत टेकले. “म्हनूनच वैनींची वाट बघतो.”